उतारावरची काळी माती आणि वर अंथरलेलं प्लास्टिकचं गवत

पहिला मोठा पाऊस होऊन दोन दिवस झाले की कृत्रिम हिरवळीवर अनवाणी चालून बघावं. पायाखाली 'पच्च' झालं तर गवताखाली पाणी साचलंय. गवत गादीसारखं दबून हललं तर खाली चिखल झालाय. आणि उताराच्या तळाशी गवताला पोट सुटल्यासारखा फुगवटा दिसला तर वरची रेती, खडी आणि थोडीफार माती घसरत येऊन तिथं जमलीय. या तिन्ही गोष्टी मी एकाच अंगणात, एकाच पावसाळ्यात पाहिल्या आहेत. घर मामेभावाचं, नाशिकच्या बाजूला. जमीन काळी, आणि अंगणाला घराकडून कुंपणाकडे चांगलाच उतार. गवत उत्तम प्रतीचं आणलं होतं. बहुतेक सगळा पैसा त्या गवतावरच गेला होता, आणि खाली काय चाललंय ते बघायला कुणी थांबलं नव्हतं.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. या वस्तूचा जन्मच पावसापासून लांब झाला. अमेरिकेत १९६४ साली एका शाळेत ती पहिल्यांदा अंथरली गेली आणि १९६६ साली ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये आली. 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव तिथूनच पडलं. ॲस्ट्रोडोम म्हणजे छप्पर असलेलं स्टेडियम. तिथं खरं गवत जगेना म्हणून हे आणलं. पुढे १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी त्यावर खेळली गेली आणि आपल्याला तो शब्द ओळखीचा झाला. तिथली जमीन जवळपास सपाट आणि खालचा पाया इंजिनिअरांनी बांधलेला. आपण तीच चटई उचलतो आणि जूनमध्ये फुगणाऱ्या, मेमध्ये फाटणाऱ्या जमिनीवर तिरकी अंथरतो. चटईला भोकं असतात हे खरं. विकणारा बाटलीभर पाणी ओतून ते खाली जाताना दाखवतोही. पण ते पाणी जमिनीत नाही, दुकानाच्या फरशीवर गेलेलं असतं.

काळी माती पाणी का धरून बसते

रेतीचा कण म्हणजे ०.०५ ते २ मिलिमीटर. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक. पण खरा फरक जाडीत नाही, घडणीत आहे. रेती म्हणजे पोत्यात भरलेले हरभरे: दाण्यादाण्यांत पोकळी, पाणी सरळ खाली. चिकणमाती म्हणजे एकावर एक रचलेले ओले पापड. पाण्याला वाट काढायची तर प्रत्येक पापडाला वळसा घालत जावं लागतं.

आपल्याकडची काळी माती त्यातही वेगळी. दख्खनचा काळा कातळ झिजून ती झाली आणि तिच्यात स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात. या खनिजांच्या पापुद्र्यांमध्येसुद्धा पाणी शिरतं आणि पापुद्रे एकमेकांपासून लांब सरकतात. म्हणून माती फुगते. पाणी उडून गेलं की आक्रसते आणि भेगा पडतात, काही ठिकाणी मीटरभर खोल. कपाशीला आणि रब्बीच्या ज्वारीला हीच गोष्ट वरदान ठरते, कारण पाऊस संपल्यावरही ओल टिकते. अंगणात मात्र तीच नडते.

ओल्या चिकणमातीत पाणी मुरायचा वेग तासाला साधारण १ ते ५ मिलिमीटर असतो. रेतीत तो ३०च्या वर जातो. मेमध्ये भेगाळलेल्या मातीवर पहिला वळीव पडला की ती घटाघटा पिते, आणि माणूस फसतो. 'बघा, केवढं पाणी पितेय जमीन!' पण ते पाणी भेगांनी प्यायलेलं असतं. दोन पावसांत भेगा मिटतात आणि दार बंद होतं.

आता थोडं गणित. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. हजार चौरस फूट अंगण म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटरची सर आली, आणि परतीच्या पावसात अशी सर काही नवलाची नाही, तर अंगणावर साधारण ४,६५० लिटर पाणी पडलं. मातीनं ५ मिलिमीटर या वेगानं घेतलं तरी ४६५ लिटर मुरलं. उरलेलं चार हजारांहून जास्त लिटर पाणी कुठे जायचं हे ठरवणं म्हणजेच हे सगळं काम. त्यात घराच्या गच्चीचे पाइप अंगणात सुटलेले असतील तर गच्चीचं पाणीही धरा. हजार फुटांची गच्ची असेल तर आकडा सरळ दुप्पट. त्यामुळे पहिलं काम फावड्याचं नाही, प्लंबरचं: गच्चीचे पाइप अंगणाबाहेर काढायचे.

उतार आहे, मग पाणी वाहून जाईलच की

हा समज जवळजवळ सगळ्यांचा असतो. माझाही होता. उघड्या जमिनीवर तो खरा आहे. पण वर चटई आणि तिच्याखाली खडीचा थर आला की पाणी खडीत उतरतं, मातीच्या पाठीला टेकतं आणि तिच्यावरून हळूहळू खाली सरकतं. वरच्या अर्ध्या अंगणात सगळं कोरडं ठणठणीत दिसतं, कारण तिथलं पाणीही खालच्या अर्ध्यात आलेलं असतं.

खडीच्या थराकडे टाकी म्हणून बघितलं की हे चटकन कळतं. बारीक भुगा नसलेल्या खडीत सुमारे ४० टक्के पोकळी असते. म्हणजे ४ इंचांचा थर ४० मिलिमीटर पाऊस काही काळ पोटात ठेवू शकतो. सपाट अंगणात ही टाकी पूर्ण वापरली जाते. उतारावर टाकी तिरकी असते, म्हणून फक्त खालचं टोक भरतं आणि तिथूनच उतू जातं. खाली बाहेर पडायची वाट नसेल तर तळाची माती भिजत राहते, मऊ होते, आणि वरचं वजन तिच्यावर सरकत येतं. मामेभावाच्या अंगणातला तो फुगवटा असाच आला होता.

शिवाय भिजलेली काळी माती किती निसरडी असते हे जूनमध्ये शेतात चप्पल घालून गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तासून गुळगुळीत केलेल्या तिरक्या मातीवर खडी पसरणं म्हणजे तेल लावलेल्या परातीत पोहे ठेवून परात कलती करणं.

उतार नजरेनं मोजू नये, नजर नेहमी कमीच सांगते. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब पुरते. वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक काठी रोवायची, नळीतलं पाणी दोन्हीकडे एका पातळीला आलं की तिथं खुणा करायच्या आणि खुणेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजायची. दोन उंचींतला फरक म्हणजे उतार. ३० फुटांत ३ फूट उतरत असेल तर दहाला एक. माझा ठोकताळा असा: दहाला एकपर्यंतचा उतार थेट गवताखाली घेता येतो. त्याहून तीव्र, चाराला एकपर्यंत, असेल तर माती पायऱ्यापायऱ्यांत कापून आणि गवत वरून पक्कं बांधूनच. तीनाला एकच्या पुढे गवताचा विचारच सोडावा. तिथं टप्पे पाडावेत किंवा खरी झाडं लावावीत.

तीन स्वस्त उपाय आणि त्यांचं काय होतं

कुणीतरी सांगतं, मातीत रेती मिसळा. चिकणमातीत थोडी रेती मिसळली की निचरा वाढत नाही. बारीक कण रेतीच्या फटी बुजवतात आणि वाळल्यावर विटेसारखा घट्ट गोळा होतो. फरक पडायला निम्म्याहून जास्त रेती लागते, आणि तेवढी घालायची तर माती काढून टाकणंच परवडतं.

दुसरा सल्ला जिप्समचा. हा इंटरनेटवर फार फिरतो आणि तो चूक आहे असंही नाही, फक्त जमीन वेगळी हवी. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं. जिप्सममधलं कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि माती मोकळी होते. माती परीक्षणात विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर आलं तर जिप्समला अर्थ आहे. पण दख्खनच्या पुष्कळ काळ्या जमिनीत आधीच चुनखडीचे पांढरे खडे असतात. जिथं कॅल्शियम मुबलक आहे तिथं आणखी कॅल्शियम घालून काय साधणार? कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्यावी. जिप्समच्या पोत्यांपेक्षा ते स्वस्त पडतं.

तिसरा उपाय शोषखड्डा. यात एक बारकावा आहे. काळ्या मातीच्या आत संपणारा शोषखड्डा म्हणजे मातीचा हौद: भरतो आणि भरलेलाच राहतो. पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काळ्या मातीखाली मुरूम लागतो, त्याखाली कातळ. मुरूम तीन-चार फुटांवर असेल तर खड्डा तिथपर्यंत नेऊन पाणी जिरवता येतं. शेजारच्या विहिरीच्या किंवा बोअरच्या खोदाईत कुठल्या खोलीला काय लागलं ते विचारावं. ज्यानं पैसे भरलेत त्याला ते पाठ असतं. तरी खात्री म्हणून खड्डा पाण्यानं दोनदा भरून रिकामा होऊ द्यावा आणि तिसऱ्यांदा भरून तासाला किती इंच पाणी उतरतं ते मोजावं. पहिल्या भरणीचा आकडा खोटा असतो, कारण कोरडी माती तहानलेली असते.

मुरूम आणि खडी: दोघांची कामं वेगळी

या लेखातलं सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. काळ्या मातीवर दोन थर लागतात आणि त्यांची कामं एकमेकांच्या उलट आहेत. खालच्या थरानं पाणी अडवायचं, वरच्यानं पाणी वाहू द्यायचं. बहुतेक ठिकाणी कंत्राटदार यातला एकच थर टाकतो. एकट्या मुरमावर गवत घातलं तर पाणी वर तुंबतं. मातीवर थेट खडी टाकली तर माती भिजून फुगते आणि पावलागणिक चिखल खडीत वर चढतो.

मुरमाचं काम समजायला आपल्याकडचं एक संशोधन उपयोगी पडतं. आयआयटी मुंबईतले प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांचं अस्तर का फुटतं याचा अभ्यास केला. न फुगणाऱ्या पण अंगाला चिकटून राहणाऱ्या मातीचा, म्हणजे चांगल्या मुरमासारख्या मातीचा, दाबलेला थर मधे टाकला की खालच्या काळ्या मातीची फुगण्याची खोड बरीच आवरते, हे त्यांनी दाखवलं. कालव्याखाली किंवा इमारतीखाली असा थर मीटरभर लागतो. अंगणावर बंगला उभा करायचा नाही, फक्त पोरं धावणार आहेत, तेव्हा ६ ते ९ इंच पुरे. दोन-चार मिलिमीटरची हालचाल गवत सहन करतं, काँक्रीटसारखं तडकत नाही. हा त्याचा एक खरा गुण आहे.

खोदाई कधी करायची? शेतकऱ्याला विचारा, तो एका शब्दात सांगेल: वापसा आल्यावर. पाऊस संपून माती हातात घेतली की गोळा होतो पण हाताला चिकटत नाही, ती अवस्था. नाशिक-पुण्याकडे ती साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येते. मेमधल्या भेगाळलेल्या जमिनीवर थर दाबून बसवले तर पावसाळ्यात ओल पोहोचताच माती वर उठते आणि सगळी लेव्हल बिघडते. मेमध्येच करायचं असेल तर भेगा मिटेपर्यंत आठवडाभर पाणी सोडून, वापसा येऊ देऊन मगच हात घालावा. जुलैत तर नकोच. एकदा जेसीबी ओल्या काळ्या रानात फिरला की त्याच्या चाकांच्या खुणा वर्षभर दिसतात.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. हजार चौरस फुटांवर फूटभर खोदाई म्हणजे १० ब्रास माती, आणि खणल्यावर ती फुलते, म्हणून ट्रॉलीत १२-१३ ब्रास भरते. काळी माती बागेला, वाफ्यांना हवीच असते, न्यायला कुणीतरी भेटतंच. आधी बोलून ठेवा, नाहीतर ढीग कुंपणाशी पडून राहतो आणि पहिल्या पावसात वाहत परत अंगणात येतो.

उतारावर खोदाईचा तळ गुळगुळीत तासू नये. तीन-चार इंच उंचीच्या रुंद पायऱ्या कापाव्यात. प्रत्येक पायरीला बाहेरच्या बाजूला किंचित ढाळ हवा, फुटाला पाव इंच, म्हणजे पायरीच्या कोपऱ्यात डबकं होणार नाही. या पायऱ्यांमुळे वरचे थर मातीत अडकून राहतात, घसरत नाहीत. त्यावर मुरूम ३-४ इंचांच्या थरांत, पाणी मारून, रोलरनं किंवा प्लेट कॉम्पॅक्टरनं दाबत यायचं. कोपऱ्यात मशीन जात नाही तिथं हाताची धुम्मस. मुरमाचा वरचा पृष्ठभाग मात्र सलग तिरका हवा. पाणी अखेर त्याच्यावरून वाहणार आहे, त्यामुळे त्यात खळगा राहता कामा नये. इथं मिस्त्रीशी भांडण झालं तरी चालेल.

मुरमावर जिओटेक्स्टाईल कापड. फेल्टसारखं, न विणलेलं, चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम वजनाचं. पेलाभर पाणी ओतलं तर ते आरपार गेलं पाहिजे. काही लोक पैसे वाचवायला इथं काळं प्लास्टिक किंवा खताच्या गोण्या उसवून घालतात. प्लास्टिकवर खडी सरकते आणि गोणीचं कापड दोन वर्षांत फाटतं. कापडाचं काम मुरमाचे बारीक कण खडीत येऊ न देणं. तण रोखणं हे त्याचं दुय्यम काम, आणि लव्हाळ्यासमोर तेही चालत नाही. लव्हाळ्याचं टोकदार कोंब कापडातून आणि गवताच्या पाठीतूनही वर येतं. खोदाईच्या वेळी त्याच्या गाठी वेचून काढल्या नाहीत तर प्लास्टिकच्या हिरवळीत खरी हिरवळ उगवलेली बघायची तयारी ठेवा.

मग खडी. क्रशरची कोनदार खडी घ्यावी, नदीचे गोटे नकोत. कोनदार दगड एकमेकांत अडकतात, गोटे उतारावर घरंगळतात. खाली ३ इंच २० मिलिमीटरची, तिच्यावर १२ मिलिमीटरचा पातळ थर आणि सगळ्यात वर इंचभर ६ मिलिमीटरची ग्रिट, म्हणजे गवत टोचणार नाही आणि पृष्ठभाग सपाट येईल. या जागी क्रशरची डस्ट टाकायची पद्धत आहे. डस्ट दाबली की टेबलासारखी सुंदर बसते, मिस्त्री खूश, मालक खूश. पण पाणी मारलं की तिचा थर सिमेंटसारखा घट्ट होतो आणि चटईची सगळी भोकं बंद दारावर उघडतात. ग्रिटही धुऊनच घ्यावी. मूठभर ग्रिट पाण्याच्या बादलीत टाकून ढवळा. पाणी चहासारखं झालं तर गाडी परत पाठवा.

चर: एक वर, एक खाली

पाणलोटाच्या कामावर श्रमदान केलेल्यांना सलग समतल चर माहीत असतात. डोंगरउतारावर एकाच पातळीत खणलेले चर, पाणी अडवून जिरवण्यासाठी. अंगणाच्या वरच्या कडेला आपल्याला तसाच चर हवा, फरक इतकाच की पाणी जिरवायचं नाही, पळवायचं आहे. म्हणून तो समतल नको. त्याला १०० फुटांना १ फूट असा ढाळ देऊन पाणी अंगणाच्या कडेनं खाली न्यायचं. वरच्या प्लॉटमधून, ओट्यावरून, गाडी धुतल्यावर येणारं पाणी अंगणाच्या पायाला लागायच्या आधीच बाजूला निघून जातं. अनेक अंगणांत एवढ्या एका चरानं निम्मा प्रश्न सुटतो.

दुसरा चर तळाशी, त्या तिरक्या टाकीच्या तोंडाशी. फूटभर रुंद, दीड फूट खोल, आत जिओटेक्स्टाईल, त्यावर दोन इंच खडी, मग ४ इंची छिद्रांचा पीव्हीसी पाइप, पुन्हा खडी आणि वर कापड गुंडाळून बंद. पाइपची छिद्रं खाली ठेवायची. ऐकायला उलटं वाटतं, पण चरात पाणी तळापासून वर चढतं. छिद्रं खाली असली की पाणी चढायला लागताच पाइपात शिरतं. वर ठेवली तर चार इंच पाणी तुंबल्याशिवाय पाइपाला पत्ताच लागत नाही. ४० फूट लांबीला ५ इंच ढाळ पुरे. पाइपाच्या शेवटी गाळ बसायला एक छोटं चेंबर आणि तोंडाला जाळी. जाळी उंदरांसाठी, आणि गावाकडे असाल तर सापांसाठीही. पाणी सोडायचं ते नगरपालिकेच्या पावसाळी गटारात किंवा आपल्याच खालच्या बागेत. शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये सोडलेलं पाणी दुसऱ्या पावसाळ्यात वकिलाची नोटीस होऊन परत येतं.

तळाशी बांध असेल तर त्याच्या मागे फूटभर खडी भरा आणि बांधातून पाणी बाहेर पडायला नळ्या ठेवा. बांध सहसा मातीच्या नुसत्या वजनानं पडत नाहीत, मागे साचलेल्या पाण्यानं पडतात. काळी माती तर फुगून बांधाला धक्काही देते. चार फुटांहून उंच बांध स्वतःच्या अंदाजानं घालू नका, इंजिनिअर बोलवा.

आणि पीसीसी?

'साहेब, सरळ ३ इंच पीसीसी मारू आणि वर गवत चिकटवू.' हे तुम्हाला ऐकावं लागणारच. पीसीसी म्हणजे साधं, सळ्या नसलेलं काँक्रीट. सपाट जागेत, खाली चांगला मुरूम असेल तर ते चालतं. बॉक्स क्रिकेटची कितीतरी मैदानं तशीच आहेत. काळ्या मातीवर थेट टाकलेलं पातळ पीसीसी मात्र दोन पावसाळ्यांत तडकतं. कडेची माती भिजते-वाळते, मधली झाकलेली माती तशीच राहते, त्यामुळे कडा वर-खाली होतात आणि मधे भेग पडते. त्या भेगेतून पाणी आत जातं आणि पुढचं काम वेगानं होतं. करायचंच तर मुरूम, जाळी, दर आठ-दहा फुटांवर सांधा, आणि गवताखाली पाणी वाहायला प्लास्टिकची ड्रेनेज चटई. ती नसेल तर गवत आणि काँक्रीटमध्ये बारीक गाळ साचून कुबट वास येतो. घरात कुत्रा असेल तर वासाबद्दल वेगळं सांगायला नको.

गवत वरून धरायचं

शेततळ्याचा कागद बसवताना पाहिलाय? तळ्याच्या काठाभोवती चर खणतात आणि कागदाची कड त्यात गाडून वर माती दाबतात. सगळा भार त्या गाडलेल्या कडेवर असतो. उतारावरच्या गवताचंही तेच तत्त्व. वरच्या कडेला काँक्रीटचा सहा इंची कट्टा घालून त्यात पट्टी बसवावी आणि गवत तिला पक्कं करावं. बाजूंना सहा इंची गॅल्व्हनाइज्ड खिळे, अर्ध्या-पाऊण फुटावर एक, पण ते खडी-मुरमात रुतले पाहिजेत. नुसत्या काळ्या मातीत ठोकलेले खिळे ती दर वर्षी थोडे थोडे ओकते आणि तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी पायात जातात.

रोल वरून खाली उलगडायचे, म्हणजे सांधे उताराच्या दिशेनं राहतात. आडवा सांधा उतारावर उसवतो आणि पाणीही तिथंच अडतं. पात्यांचा कल चढाकडे ठेवला तर पात्यांमध्ये भरतात ती सिलिका रेती थोडी अडून राहते. तरी रेती खाली येतेच. ती सपाट अंगणापेक्षा कमी घाला आणि पावसाळ्यानंतर कडक झाडूनं वर ओढून घ्या. दर वर्षीचं काम आहे ते.

एक तक्रार मला विकणाऱ्यांबद्दल आहे. उन्हाचं ते कधी सांगत नाहीत. मेच्या दुपारी हे गवत ६० अंशांच्या वर सहज तापतं. लहान मुलाच्या तळव्याला ते भाजतं. पाणी शिंपडलं की थोड्या वेळात पुन्हा तेच. विदर्भात तर दुपारी त्याच्याकडे लांबूनच बघावं. म्हणून माझं मत असं की हे गवत अंगणाच्या त्या भागातच घालावं जिथं मुलं खरोखर खेळतात, आणि तो भाग शक्यतो टप्पा पाडून सपाट करावा. मधल्या उतारावर वाळा लावावा. त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, माती धरून ठेवतात, आणि चिकणमातीचं त्याला काही वाटत नाही. आंब्याच्या किंवा दुसऱ्या मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती तर गवत नकोच. मुळांना हवा लागते, आणि ती मुळं माती असमान सुकवून तुमची लेव्हलही बिघडवतात.

मामेभावाकडे शेवटी असंच केलं. गवत गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवलं, डिसेंबरात वापसा आल्यावर अंगण दोन टप्प्यांत कापलं, मधल्या उतारावर वाळ्याच्या चार ओळी लावल्या. गवत पुन्हा अंथरायच्या आधी पाण्याचा टँकर मागवला आणि वरच्या टोकाला खडीवर सोडला. आम्ही दोघं खाली चेंबरपाशी बसलो. आधी बराच वेळ काहीच नाही, मग पाइपातून मळकट धार आली, आणि थोड्या वेळानं ती स्वच्छ झाली. टँकरवाल्याला मात्र आम्ही पाणी खडीत का ओततोय ते शेवटपर्यंत कळलं नाही. जुनं गवत वरच्या टप्प्याला पुरून पट्टाभर उरलं. ते आता मागच्या दाराशी पायपुसणं म्हणून आहे.